न धरणारा माल

आमचे हे गवंडी. हाताला असं यश की गावात लोक यांच्या भिंतीला ओळंबा लावून बघायचेसुद्धा नाहीत. मग डोक्यात परदेशाचं खूळ शिरलं. इकडे आल्यावर कळलं, या देशात दाखल्याशिवाय थापी हातात घेऊ देत नाहीत. मग काय, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली माल कालवायचा आणि घमेली उचलायची. शेवटी रात्रशाळा करून, दोनदा आपटी खाऊन, केस पांढरे झाल्यावर परीक्षा पास झाले आणि तांत्रिक कॉलेजात बांधकाम शिकवायला लागले. पोरं यांना ‘सर’ म्हणू लागली. मीही तेव्हाच इकडे आले. मुलगी मात्र माझ्या बहिणीकडेच राहिली. यांची नोकरी हंगामी होती. ती कायम झाली तरच मुलीला आणता येणार होतं, तेही ती सज्ञान व्हायच्या आत. घोडं तिथेच पेंड खात होतं.

त्या कॉलेजात एक गंमत होती. पोरांनी भिंत बांधायची ती नुसत्या चुना-वाळूत, सिमेंटचा कणही घालायचा नाही. तपासणी झाली की भिंत उतरवायची, विटा घासायच्या आणि त्याच पुढच्या वर्गाला द्यायच्या. दर वेळी नव्या विटा परवडत नाहीत म्हणे. “न धरणारा माल शिकवतो मी,” हे जेवताना म्हणायचे. कोपरा उडालेली एक वीट तर यांना पाठच झाली होती. “आज पुन्हा भेटली,” असं सांगायचे, जशी काही व्याह्यांची गाठ पडली.

मी हसायचे. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. यांनी इतकी वर्षं परक्या देशात काढली आणि आपली म्हणून दाखवायला एक भिंत नाही.

यंदा कायम करायचं जवळजवळ ठरलं होतं. मुलगी सज्ञान व्हायला थोडेच महिने उरले होते. आणि नेमकी तेव्हाच यांना दुर्बुद्धी सुचली. सुट्टीत कॉलेज रिकामं असताना पदरचं सिमेंट नेऊन यांनी सरावाच्या शेडमध्ये त्याच विटांची भिंत बांधली. खांद्याइतकी उंच, काटकोनात वळलेली. मला बघायला नेलं. मला वाटलं, चुन्याचीच असेल. खोटं कशाला बोलू, सुंदर होती. हे हात मागे बांधून वरबापासारखे उभे.

“पोरांना एकदा कळू दे, भिंत उभी राहते म्हणजे काय,” म्हणाले.

वर्ग सुरू झाला तेव्हा विटा कमी पडल्या. पोरं ती भिंत उतरवायला गेली तर ती ढिम्म हलेना. कॉलेजच्या प्रमुख बाईंनी विचारलं आणि यांनी सगळं सांगून टाकलं. थाप मारायची अक्कल या माणसाला कधी आलीच नाही.

“कॉलेजच्या विटा वाया घालवल्यात,” बाई म्हणाल्या. “आता तुमची तुम्हीच पाडा.”

घण मारून मारून यांचे हात सोलून निघाले. विटा फुटल्या, पण सांधे सुटले नाहीत. ती कोपरा उडालेली वीटही त्यातच गेली. सत्र संपलं आणि त्याबरोबर नोकरीही संपली.

“अहो, पोटच्या पोरीपेक्षा भिंत मोठी झाली?” मी नको नको ते बोलले.

हे म्हणाले, “रोज खोटी भिंत शिकवून मला माझ्याच हाताची शंका यायला लागली होती गं.”

राग अजून गेलेला नाही आणि कीवही येते. दोन्ही एकदम आलं की मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसते.

मुलगी सज्ञान झाली. कागद अडकलेत, एवढंच तिला सांगितलंय. नोकरी गेल्याचं सांगायला आमची जीभ रेटली नाही. घणाने यांची बोटं अशी आखडलीत की थापी धरवत नाही. दाखला ट्रंकेत पडून आहे आणि हे पुन्हा घमेली उचलतात, तेही आपल्याच एका विद्यार्थ्याच्या हाताखाली.

परवा मी यांच्या कामावर डबा द्यायला गेले होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला. मलाही ऐकू यावा म्हणून यांनी स्पीकर लावला. नेमकी त्याच वेळी वरच्या फळीवरून त्या पोराने हाक मारली, अगदी अदबीने, “सर!”

“बाबा, वर्गात आहात का?” मुलगी म्हणाली. केवढा अभिमान होता आवाजात. “जा जा, मुलं थांबली असतील.”

“हो, जातो,” हे म्हणाले. फोन माझ्या हातात दिला, वाकून मालाचं घमेलं खांद्यावर घेतलं आणि शिडी चढायला लागले.