इंजिन थांबलं की

गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, रहाटणीत दुपारी वीज गेली. पंखा थांबला आणि मी दचकून जागा झालो. आवाज थांबला की माझे वडील, दादा, असेच उठायचे.

भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीन चालवून दादा निवृत्त झाले, तेव्हा मी त्यांना कॅरिबियन समुद्रातली ग्रेनेडाइन्सची छोटी बेटं दाखवायला नेलं. त्यांनी एकदा तरी थक्क व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. बोट सुरू झाली, डिझेलचा वास पसरला आणि त्या घरघरीत ते बाकावर आडवे होऊन झोपले. पहिल्या बेटाजवळ नावाड्याने इंजिन बंद केलं. दादा ताडकन उठले.

"काय बिघडलं?"

"काही नाही, दादा. बेट आलंय. पाणी बघा."

"बघितलं," म्हणत ते इंजिनापाशी जाऊन वाकले. दुसऱ्या बेटालाही तेच झालं. मी वैतागलो.

"एवढ्या लांब झोपायला आलो का आपण?"

"मशीन चालू असलं की काळजी नसती रे. बंद पडलं की जाब मला."

तिसऱ्या बेटापाशी मी नावाड्याला सांगितलं, थांबू नको, नुसता फेरा मार. रागानेच सांगितलं. पांढरी वाळू, नारळाची झाडं, तळ दिसणारं पाणी बाजूने सरकत गेलं. पुन्हा झोपी गेलेल्या दादांचा हात बाकावरून खाली लोंबत होता. तो इतका सैल मी कधी पाहिला नव्हता.

सहल फुकट गेली, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्यांना हवी ती सुट्टी मी दिली होती, फक्त ती रागाने दिली.