राजा सूर लावतो

ब्लाझेनाच्या वडिलांनी जन्मभर स्वयंपाकाचे लाकडी डाव कोरले. त्यांच्याच सुरीने तिने बाहुल्या कोरल्या. मोराव्हियातल्या त्या लहानशा गावच्या वाचनालयात ती नोकरी करी आणि महिन्यातून एका रविवारी तिथेच मुलांना बरोक, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचे, संगीत ऐकवी. मागे तिने रंगवलेला चित्रांचा पडदा, हातात चित्रे दाखवायची काठी, पुढे दोऱ्यांवरच्या बाहुल्या. आणि बाजूला ओताकर. त्याच्या व्हायोलिनला त्या काळच्या रीतीप्रमाणे आतड्याच्या तारा होत्या.

त्या रविवारी मुले यायच्या आधीच त्याने विषय काढला.

"ब्लाझेनाबाई, ती संथ नाचाची चाल गाळू या. मागच्या खेपेला पोरं खुर्च्या मोजत बसली होती."

"हळूहळू मोजत होती ना? म्हणजे लय कळली."

"थट्टा पुरे. आज चुळबुळ झाली, तर मी तिथंच थांबून उड्यांचा नाच धरीन. मग तो संथ नाच कायमचा बाद."

"कबूल."

कबूल म्हणाली खरी, पण तो नाच तिला सोडवत नव्हता. लहानपणी चर्चच्या सज्जात, वडिलांच्या कोटाच्या उबेत बसून तिने ती चाल पहिल्यांदा ऐकली होती. ही समजून घे, असे तेव्हा तिला कोणी म्हटले नव्हते. तिचा म्हातारा राजा त्या चालीसाठीच कोरलेला होता. राणीच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून एक हात वर करायचा, एवढेच त्याचे काम.

बाहेर बर्फ वितळत होते. चाळीस मुलांचे ओले कोट शेगडीजवळच्या खुंट्यांवर वाफाळत होते. तीन चित्रे रंगात सरली. संथ नाचासाठी ओताकरने तारांवर गज टेकवला आणि तोंड वाकडे केले.

"कोटांनी घात केला," तो पुटपुटला. दमट हवेने तारा उतरल्या होत्या. तो व्हायोलिनच्या खुंट्या पिळू लागला. बराच वेळ कुरकुर, मग एक लांब सूर, पुन्हा कुरकुर. तो थांबताच, नाच वाजवून झाला असे वाटून, पुढच्या रांगेतल्या एका मुलीने टाळ्या वाजवल्या, तिच्यामागून सगळ्यांनीच. ओताकरचे कान लाल झाले. त्याने पुन्हा खुंटीला हात घातला, तशी मागच्या बाकावर पाय आपटायला सुरुवात झाली.

ब्लाझेनाने राजाला खाली सोडले. त्याने सावकाश मान वळवून व्हायोलिनकडे कान दिला. मग स्वतःच्या हाताची दोरी निरखली आणि बोटाने हलकेच छेडली.

"राजाच्या पण दोऱ्या ढिल्या झाल्यात?" त्या मुलीने विचारले.

"हो गं. ओले कोट त्यालाही सोसत नाहीत."

"मग लावू दे त्याला. आम्ही थांबतो."

आणि मुले खरोखरच थांबली. शेवटची तार जुळली, तशी राजाने मान डोलावली आणि मगच चाल सुरू झाली. गजाच्या गतीने राजाचा हात वर जात राहिला. तो पुरता वर पोहोचेपर्यंत खुर्च्या कोणी मोजल्या नाहीत.

मुले गेल्यावर ओताकर खसखशीचा पाव खात म्हणाला, "राहू दे तुमचा संथ नाच. पण आता दर खेपेला तारा उतरायला हव्यात, ही पंचाईत."

"त्यात काय अवघड? कोट इथंच टांगू."

तिने खडू घेतला. पुढच्या कार्यक्रमाच्या फळ्यावर तिसरे चित्र आणि संथ नाच यांच्यामध्ये एक ओळ वाढवली : 'राजा सूर लावतो'.