चौदाशे सत्तरची रिक्षा

सिंधीपुऱ्यातल्या आशाबाई महाजन साड्यांना फॉल-पिको करून देतात. वय त्रेपन्न. मशीन दाराशीच मांडलेलं, त्यामुळे गल्लीत शिरणारी प्रत्येक गाडी त्यांच्या नजरेखालून जाते. गाडी दिसली की आशाबाई तिच्या नंबरातले चार अंक एकमेकांशी गुणतात. अकरावीत गणित घेतलं होतं, मग लग्न झालं आणि पुस्तकं सुटली. ही खोड मात्र सुटली नाही. गुणाकार झाला की आकडे विसरायचे, उत्तर तेवढं तोंडात घोळवत बसायचं. नंबरात शून्य असलं तर त्या गाडीवर चिडतात. "हिच्यात काही दम नाही," म्हणतात.

गेल्या जूनमध्ये एका दुपारी शेजारची तृप्ती स्टेशनवरून रिक्षाने आली. शिक्षक भरतीत तिचं नाव लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इंदूरला कागदपत्रांची तपासणी होती, म्हणून खंडव्याच्या कॉलेजातून ती मूळ मार्कशीट घेऊन आली होती. रिक्षा गेली, तृप्तीने घरात बॅगा ठेवल्या आणि दोनच मिनिटांत धावत बाहेर आली.

"काकू! माझी फाइल! रिक्षातच राहिली! सगळे ओरिजिनल आहेत हो त्यात!"

"नंबर पाहिला का?"

"कुठून पाहणार? शेवटी सहा होता, एवढं पक्कं. माझा ट्रेनचा डबा पण एस-सहा होता, म्हणून ध्यानात राहिलं. तुम्ही तर इथेच होत्या ना! तुम्ही पाहिला असेल!"

आशाबाईंनी डोळे मिटले. "नंबर नाही आठवत गं. गुणाकार आठवतोय. चौदाशे सत्तर."

"गुणाकार घेऊन काय करू मी?" तृप्तीला रडूच फुटलं.

"थांब. रडू नको. पेन दे."

खडूने साडीवर खुणा करणारा हात आता वर्तमानपत्राच्या कडेवर भराभर चालू लागला. आशाबाईंनी चौदाशे सत्तरचे मूळ अवयव पाडले: दोन, तीन, पाच, सात, सात.

"हे बघ, अवयव पाच आणि अंक चारच. म्हणजे कुठले तरी दोन जुळून एक अंक झाला असणार. सातला कशानेही गुण, दोनने गुणलं तरी चौदा. तो काही एक अंक होत नाही. म्हणून दोन्ही सात एकेकटे. पाच दुणे दहा, म्हणजे पाचही एकटा. राहिले दोन आणि तीन. तेच जुळले. सहा!"

तृप्तीचे हुंदके थांबले. "म्हणजे पाच, सहा, सात, सात?"

"दुसरे अंक असूच शकत नाहीत! आणि सहा शेवटी, तूच म्हणालीस. मग नंबर तीनच होतात." त्यांनी एकाखाली एक लिहिले: ५७७६, ७५७६, ७७५६. पहिल्यावर लगेच काट मारली. "हा शहात्तरचा वर्ग आहे. हा दिसला असता तर मी ओट्यावर नाचले असते. उरले दोन. काढ तुझी स्कूटी!"

मशीन तसंच, सुई साडीत रुतलेली. आयुष्यात पहिल्यांदा आशाबाई दुकान उघडं टाकून निघाल्या. स्टेशनच्या स्टँडवर ७७५६ उभीच होती. तिचा मालक सीटवर आडवा झालेला. "मी तर सकाळपासून इथेच आहे, बाई. एक सवारी नाही." आशाबाईंनी दुसरा नंबर सांगितला. तो ताडकन उठून बसला. "पंच्याहत्तर शहात्तर? ती कौतिकभाऊची! आत्ता जसोंडीची सवारी घेऊन गेला. फोन नाही लागणार, बंद पडलाय त्याचा."

स्कूटी जसोंडीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि मागे बसलेल्या आशाबाई प्रत्येक रिक्षा पाहून ओरडत होत्या, "ही नाही! ही पण नाही!" गावाच्या अलीकडे समोरून एक रिक्षा रिकामी परत येताना दिसली. "सात, पाच, सात, सहा! तृप्ती, अडव तिला!"

कौतिकभाऊंनी ब्रेक मारला. सीटमागे हात घातला तर फाइल तिथेच, स्टेपनीला टेकून. त्यांनाही पत्ता नव्हता. तृप्तीने एकेक कागद पाहिला आणि फाइल छातीशी धरली.

"पण ताई, मी सापडलो कसा?" कौतिकभाऊंनी विचारलं. आशाबाईंनी रस्त्यावरच, काडीने मातीत आकडे काढून सगळं समजावलं. बोलताना त्यांचा आवाज चढत होता, केस सुटले होते, पदर कुठल्या कुठे. तेवढ्यात एक ट्रॅक्टर गेला. कौतिकभाऊंनी मान वळवली. "अठ्ठावीस पस्तीस... दोन आठे सोळा, त्रिक अठ्ठेचाळीस, त्याला पाचने... दोनशे चाळीस! बरोबर?"

"अगदी बरोबर!" आशाबाईंनी टाळी वाजवली. "पण दोनशे चाळीसवरून ट्रॅक्टर नसता सापडला हो. त्याच्या अवयवांत दोन चारदा येतो, तो कसाही जुळतो. आपलं नशीब थोर, तुमच्या रिक्षात दोन सात होते."

तृप्तीची तपासणी झाली. खकनारजवळच्या शाळेत ती पाचवी-सहावीला गणित शिकवते. पहिल्या शनिवारी तिने आशाबाईंना वर्गावर नेलं. आशाबाई नव्या साडीत गेल्या, फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि मुलांना म्हणाल्या, "सांगा बरं, कुणाच्या घरी गाडी आहे?"

चाळीस हात वर झाले.