बिनतेलाची भरली वांगी

आधी कबूल करा की हसणार नाही, मगच सांगते. बरं, हसा बापडे! फजिती झालीच आहे माझी, आणि ती मी ह्याच दोन हातांनी, सकाळ-संध्याकाळ मिक्सर फिरवून केलेली आहे.

मी इथे अमेरिकेत, फ्रिस्कोला लेकाकडे राहते. लेक नितीन, सून पल्लवी, नात रिया. उन्हाळ्यात नितीनच्या रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलेलं! डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाण्यातली चरबी कमी करा. आकडा उतरला नाही तर गोळी चालू, आणि ती कायमची.

ह्याचे वडील हृदयाच्याच दुखण्यानं गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी.  पण रडत बसणारी मी नव्हे. पदर खोचला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "तीन महिन्यांत आकडा खाली आणून दाखवते. नाही आणला तर ओट्याला हात लावणार नाही!"

"आई, अहो शपथा कशाला?" पल्लवी म्हणाली.

"तू नको मध्ये पडूस. चरबीची गाठ आता माझ्याशी आहे."

मला काही वाचता येत नाही, डब्यांवरचं ते बारीक इंग्रजी तर सोडाच. पण बोटं आहेत ना? मी आपला नियम केला: बोटाला चकाकलं ती चरबी, कोरडं ते निर्धोक. फ्रिज उघडून एकेकाला बोट लावत सुटले. तूप बाहेर! लोणी बाहेर! चीज बाहेर! रियाच्या पीनट बटरवर तर तेलाचा थर तरंगत होता.

"आजी, नो! दॅट्स माइन!" पोरगी बरणीला लोंबकळली.

"तेल बघ त्यातलं! बाबा हवाय की बरणी?"

बिचारीनं डोळे पुसत बरणी सोडली. तेलाचा कॅन मी गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. फोडणी बंद!

चार दिवसांत नितीन ताटाकडे असा बघायला लागला, जसं काही बॉसचं ईमेल वाढून ठेवलंय. "आई, चव नाही गं कशालाच." अर्ध्या पोळीवर उठायचा. आता पोर उपाशी उठतंय म्हटल्यावर मी स्वस्थ बसेन? चव यायला काहीतरी हवं, आणि ते कोरडं हवं. मग काढलं माझं हक्काचं औषध. शेंगदाण्याचं कूट!

काकडीच्या कोशिंबिरीत कूट. दुधीत कूट. आमटी दाट व्हायला कूट. कूट कमी वाटलं तर सुकं खोबरं भाजून घाल, तीळ घाल. वांगी भरली ना, तर वांगं कुठलं आणि सारण कुठलं, ओळखू येईना!

नितीन बोटं चाटायला लागला. "आई, खरंच तेल नाही ह्यात?"

"थेंब नाही! गॅरेजमध्ये जाऊन कॅन बघ."

शेजारची वैशाली, नागपूरची, एकदा जेवून गेली. "काकू, बिना तेलाचं इतकं भारी? मला शिकवाच!" दुसऱ्या शनिवारी ती तीन मैत्रिणी घेऊन आली. मी खुर्चीवर, त्या चौघी फोनवर शूटिंग करतायत! "हात आखडायचा नाही बायांनो," मी मुठी भरभरून दाखवते आहे, "कोरडं आहे, कितीही घाला." चार घरांतले नवरे मी मार्गी लावले, म्हणजे बघा. इंडियन स्टोअरवाला तर मला बघितलं की न विचारता दाण्यांची मोठी पिशवी काढायचा.

तीन महिने झाले. रिपोर्ट आला. आकडा उतरला नव्हताच, उलट चार पायऱ्या वर चढून बसला होता!

डॉक्टरांनी आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. मीही गेले, हट्टानं. म्हटलं, मशीनच बिघडलं असणार, विचारतेच जाब. बाई गोऱ्या, स्वभावानं गोड. त्या विचारायच्या, पल्लवी मला मराठीत सांगायची.

"तेल किती वापरता?"

"शून्य!" मी मान ताठ केली.

"तूप, लोणी, चीज?"

"घरात नाही!"

बाई गोंधळल्या. मग त्यांनी एकेका भाजीत काय-काय घालते ते विचारलं. मी अभिमानानं सगळं सांगितलं. मूठ करून मापही दाखवलं. पल्लवीचा आवाज सांगता-सांगता बारीक होत गेला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हळूच एकच प्रश्न विचारला.

"आई, त्या विचारतायत, तुमच्या गावाकडे तेल कशापासून काढतात?"

एवढंच ना! मी काय अडाणी आहे? "सांग त्यांना, आमच्या गल्लीच्या टोकालाच घाणा होता. लहानपणी डोक्यावर पोतं घेऊन मीच जायची. शेंगदाणे टाकायचे, तेल न्यायचं. खोबरं टाकायचं, तेल न्यायचं. तीळ टा..."

आणि मापासाठी वळलेली मूठ मी हळूच पदराखाली घेतली.

नितीन छताकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. बाई समजुतीनं म्हणाल्या, दाणे वाईट नाहीत, मूठभर खावेत. पण मी तर लेकाच्या पोटात आख्खा घाणा लावला होता!

नितीनची गोळी चालू झाली. वैशालीला फोन करताना जी लाज वाटली, ती तुम्हाला काय सांगू! घरी येऊन मी रियाला नवी बरणी आणून दिली आणि ओट्यावरून बाजूला झाले. शब्द म्हणजे शब्द. आता पल्लवी चमचा मोजून तेल घालते. परवाच्या रिपोर्टात आकडा उतरला. गोळीनं की सुनेनं, ते मी विचारलं नाही.

माझ्याकडे फक्त कोथिंबीर निवडायचं काम आहे. तेसुद्धा काल मी कढईच्या जरा जास्तच जवळ जाऊन करत होते. पल्लवीनं गॅस बारीक केला.

"आई, मूठ उघडा बघू."

उघडली. काय निघालं, ते तुम्हाला सांगायला हवं का?