कंट्रोलच्या आधी लावलेली नळी

शेदलिया माझी नणंद. स्फाक्स शहरातल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिला एकवीस वर्षं झाली. तिथला एक नियम तिच्यामुळे आम्हा घरच्यांनाही पाठ झाला आहे. सकाळी मशीन सुरू केलं की आधी माणसाचं रक्त लावायचं नाही, आधी कंट्रोल लावायचा; म्हणजे ज्याचा आकडा अगोदरच ठाऊक आहे असा बाटलीतला नमुना. त्याचा ठिपका आलेखावरच्या दोन रेघांच्या आत पडला तर ठीक, नाहीतर एकही रिपोर्ट खिडकीबाहेर जात नाही. एकदा तिने मोठ्या डॉक्टरांच्या बायकोलाही दोन तास बसवून ठेवलं होतं. सासूबाई म्हणतात, ही कयामतच्या दिवशी फरिश्त्यांनासुद्धा आधी तराजू तपासायला लावेल.

तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. आणि काम काय, तर बायकांना दिवस गेलेत का ते रक्तावरून सांगायचं. कुणाचा रिपोर्ट चांगला आला की तो द्यायला ती स्वतः खिडकीशी जाते. मी एकदा विचारलं, त्रास होत नाही का गं? म्हणाली, "होतो वहिनी. पण तो चेहरा बघायचा सोडवत नाही."

रोजे सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे शाबानच्या शेवटच्या दिवशी, त्या खिडकीशी उजाडल्यापासून रांग असते. पोटात बाळ असेल तर रोज्याची सूट आहे, म्हणून बायकांना आजच्या आज कळायला हवं असतं. परवा तशीच रांग होती. शेदलियाची पाळी नऊ दिवस लांबली होती. आदल्या दिवशी मशीनमध्ये घालायच्या औषधाचा नवा डबा फोडलेला, मशीन त्याच्याशी जुळवून घ्यायचं राहिलेलं. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरीही तिने आपल्या हाताने स्वतःचं रक्त काढलं आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा कंट्रोलच्या आधी नळी लावली. स्वतःची.

आकडा आला. मोठा नव्हता, पण दिवस गेलेत म्हणण्याइतका होता. जिन्यात जाऊन तिने लसादला, नवऱ्याला, फोन केला. तो बिचारा दुकानातच रडला म्हणे, आणि म्हणाला की उद्यापासून तू रोजा धरायचा नाहीस.

परत येऊन तिने कंट्रोल लावला. ठिपका वरच्या रेघेच्याही वर. मशीन सगळ्यांनाच जास्त दाखवत होतं. तिने ते जुळवून घेतलं, पुन्हा कंट्रोल लावला, तो रेघांच्या आत बसला. मग रांगेतल्या सगळ्यांच्या नळ्या लावल्या आणि सर्वांत शेवटी आपली. काही नव्हतं. त्या दिवशी लॅबमधून एकही चुकीचा रिपोर्ट गेला नाही. फक्त तिचा गेला, फोनवरून.

दुपारी ती आमच्याकडे आली. मी ब्रीकसाठी, त्या तळलेल्या पुड्यांसाठी, मल्सूकाचे पातळ पापुद्रे तव्यावर काढत होते. तीही तव्याशी बसली आणि एकेक पापुद्रा सुटा करता करता तिने मला हे सांगितलं. तेवढ्यात लसाद मिठाईचा डबा घेऊन दारात आला. ती उठली नाही.

"लसाद, काही नाहीये. मशीनचा दोष नाही, मी चुकले."

तो उभाच राहिला. मग डबा खाली ठेवून तिच्याशेजारी जमिनीवर बसला. म्हणाला, "माझ्या आईला अजून सांगितलं नाही. बरं झालं."

"रजिस्टरमध्ये लिहिलंय मी," ती म्हणाली. "नमुना घाईने लावला. कारणाच्या रकान्यात काय लिहू, ते सुचलं नाही."

तो हात धुवायला आत गेला तेव्हा ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "वहिनी, तासाभरात मी नाव ठेवूनसुद्धा टाकलं होतं."

कोणतं, ते मी विचारलं नाही. काल तिने पहिला रोजा धरला. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर मी तिच्यासाठी दुआ मागायला हात पसरले आणि त्या नावाच्या जागी नुसतीच थांबून राहिले. अल्लाहला तर ते ठाऊक असेल.