टेपताईंच्या दंडाचं माप

टेपताई फुगल्या होत्या. गल्लीत तोंडावर कुणी तसं म्हणत नसे, पण पाठ वळली की दुसरा शब्द सुचायचाही नाही. चार महिन्यांत चेहरा गोल गरगरीत, मानेमागे गोळा, आणि पोट असं की शिवणयंत्रापुढे बसताना स्टूल वीतभर मागे सरकवावं लागे. गळ्यात सदा टेप म्हणून टेपताई. तीस वर्षं अख्ख्या वस्तीची मापं घेतली, स्वतःचं एकदाही नाही. कपडा घट्ट झाला की शिवणीत आत दुमडलेली माया सोडायची, झालं. आता तीही संपली होती.

सल्ले मात्र संपत नव्हते. फुकटचे ना! नणंद तर येता-जाता म्हणायची, "वहिनी, हवा खाऊन कोणी फुगतं का?"

"अहो, अर्ध्या पोटावर उठते मी," टेपताई कळवळून सांगायच्या. पण नवरा बसमधला तिकीट तपासनीस. जन्मभर फुकटे पकडले, त्याला घरातही चोरच दिसणार! रोज संध्याकाळी डब्यातली बिस्किटं मोजायचा.

पहिल्या डॉक्टरने मान वर न करताच निकाल दिला, "कमी खा, चाला." टेपताईंनी रात्रीचं जेवण सोडलं, चपला झिजेपर्यंत चालल्या. पंधरा दिवसांनी वजन दोन किलोंनी वर! नवऱ्याने खाऊचे डबे कपाटात घालून कुलूप लावलं. त्या दिवशी टेपताई यंत्र रिकामंच चालवत ठेवून धाय मोकलून रडल्या. वजनाचं दुःख होतंच, पण घरातलं एकही माणूस आपल्यावर विश्वास ठेवत नाही, हे जास्त झोंबत होतं.

मग नवा झगा शिवायला घेतला. स्वतःच्या दंडाला स्वतः टेप लावता येत नाही, म्हणून नणंदेला हाताशी घेतलं आणि जुना झगा शेजारी पसरला. कंबर जुन्यापेक्षा आठ इंच जास्त. दंड दीड इंच कमी.

"वन्सं, टेप नीट धरा!"

"तिसऱ्यांदा मोजतेय, वहिनी. बाही लोंबतेय तुमची."

टेपताईंनी दोन्ही आकडे खडूने कापडावर लिहिले. चरबी चढते तेव्हा दंडावरही चढते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पोट सुटलंय आणि हात वाळलेत, असं गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. म्हणजे हे खाण्याचं काम नव्हे, दुसरंच काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी जुना झगा काखोटीला मारून त्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. नवराही मागोमाग होता, आरोपीला हजर करायला आल्यासारखा. "ही चोरून खाते," त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

टेपताईंनी त्याच्याकडे न बघता झगा टेबलावर पसरला आणि दोन्ही मापं सांगितली. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हातावरचे काळेनिळे डाग पाहिले, पोटावरचे जांभळे पट्टे पाहिले.

"औषध कुठलं चालू आहे?"

"छे हो, औषध कुठलं! बोटं आखडतात म्हणून बाजारातल्या एकाची पुडी घेते, दिवसाला तीन. पाचेक महिने झाले. झाडपाल्याची आहे."

"त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार, त्यानेच पोट सुटतं आणि हात वाळतात. रक्त तपासून खात्री करू. पण मनाने एकदम काही बंद करू नका, जिवावर बेतेल. मी मोजून गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करायच्या. वजनही सावकाशच उतरेल."

टेपताईंनी पुडीवाल्याच्या सात पिढ्यांचा तिथेच उद्धार केला.

डॉक्टरीणबाई हसल्या, मग जरा थांबून म्हणाल्या, "पण या औषधाने भूक भयंकर खवळते. माणूस भांडी चाटूनपुसून खातो. तुम्ही अर्ध्या पोटावर राहिलात कशा?"

टेपताईंनी झग्याची घडी घातली. बाहेर बसथांब्यावर नवरा बराच वेळ घसा खाकरत राहिला.

"खरंच इतकी भूक लागायची?"

"आगडोंब उसळायचा पोटात. तुम्ही जेवत असायचात ना, तेव्हा मी उठून पाणी प्यायला जायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"भूक लागते म्हटलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? बघ, सापडलीस!"

बस आली. तपासनिसाने मान खाली घातली. अगदी हेच म्हणालो असतो, हे त्याला ठाऊक होतं.