दोन जणांचं परमिट

शिंपी म्हटला की तारीख चुकवणार, हे गिऱ्हाइकांनी धरूनच चाललेलं असतं. काका त्यातले नव्हते. मंगळवार म्हणाले की मंगळवारीच कपडा हातात, आणि जमणार नसेल तर तोंडावर सांगायचे, "होणार नाही, दुसरीकडे टाका." या स्वभावापायी निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मुलाच्या शाळेत गैरहजेरीची चिठ्ठी द्यायची वेळ आली, तर हा गृहस्थ "कंटाळा आला म्हणून आला नाही" असं लिहून खाली सही करायचा.

तो मुलगा पाच आठवड्यांपूर्वी गेला. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी सगळं संपलं.

वसतिगृहात त्याच्या खोलीत राहणारा त्याचा मित्र आज बसमध्ये काकांच्या शेजारी बसला होता. सफारीचा बेत मुलाचाच. बिबट्या बघायचं वेड डोक्यात आणि खिशात खडखडाट, म्हणून त्याने सहा महिने खपून वहीत सगळं लिहून काढलं होतं. साडेसहाची बस. डावीकडची खिडकी, पण मागच्या चाकावरची नको, हाडं खिळखिळी होतात. फाट्यावर उतरून दुसरी बस, मग गेटपर्यंत पायी. लाल-पिवळं घालायचं नाही. दोघांच्या नावाचं परमिटही त्याने आधीच काढून ठेवलं होतं. ते आणि त्याची पुस्तकं परत द्यायला मित्र घरी गेला, तर काका म्हणाले, "यात त्याचं नाव आहे ना? मग मी येतो."

ज्याचं नाव त्यानेच जायचं, असा नियम होता. मित्राने सफारीच्या ऑफिसला फोन लावला. मृत्यूचा दाखला आणा, वडिलांना त्या जागेवर सोडू, असं उत्तर मिळालं. हे काकांना सांगायला त्याला दोन दिवस लागले. काकांनी कपाटातला दाखल्याचा घडी केलेला कागद पिशवीत ठेवला.

आज त्यांच्या अंगात मुलाचाच हिरवट शर्ट होता. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून त्यांनी तो ऐसपैस केला होता. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं होतं, तिथे न विटलेला गडद पट्टा दिसत होता. मित्र तिकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"तो अजून भरला असता," काका म्हणाले, "म्हणून आत कापड ठेवलं होतं."

गेटवरच्या खिडकीत जाड चष्म्याचा कारकून होता. त्याने परमिटला जोडलेलं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं.

"हा फोटो तुमचा नाही."

"मुलाचा आहे."

"मग मुलगा कुठाय?"

काकांचा हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला.

"ताप आलाय त्याला," ते म्हणाले. "घरी झोपलाय."

मित्राचा कानांवर विश्वास बसेना. जन्मात खोटं न बोललेला माणूस, आणि बोलला तो असं!

"अहो, मग तुम्हाला कसं सोडू?" कारकून म्हणाला. "तो आजारी, म्हणून त्याची जागा तुम्हाला देता येत नाही."

एका शब्दाचं काम होतं. मित्राने तोंड उघडलं, तर काकांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याला काकांचा राग आला. एवढं दोन बस बदलून, धूळ खात यायचं ते कशाला? मग त्या रागाचीच लाज वाटली.

"तू जा," काका म्हणाले.

"काका, मी एकटा नाही जाणार."

"जा म्हणतो ना! वहीत लिहिलंय तसं सगळं बघून ये. मी बसतो इथे बाकावर."

उघड्या गाडीत शेजारची जागा रिकामीच राहिली. मित्राने तिथे वही ठेवली. दोन तास नुसती हरणं आणि धूळ. मग पाणवठ्याशी बिबट्या बाहेर आला, शांतपणे पाणी प्यायला, आणि गवतात गेला. गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. "बघितलास?" असं म्हणायला मित्राने सवयीने शेजारी मान वळवली, आणि त्याला रडू आवरलं नाही.

बाहेर पडताना कारकुनाने हाक मारली. "मित्राला म्हणावं, बरा झाला की ये. तारीख बदलून देतो मी."

"सांगतो," मित्र म्हणाला. ते इतक्या सहज तोंडातून गेलं, आणि क्षणभर इतकं बरं वाटलं, की त्याला भीती वाटली.

परतीच्या बसमध्ये काकांनी सगळं खोदून खोदून विचारलं. केवढा होता, कुठल्या बाजूने आला, शेपटी कशी धरली होती. शेवटी म्हणाले, "तो कारकून तुला काय सांगत होता?"

"बरा झाला की ये म्हणाला."

काकांनी पिशवीतून तो कागद काढला. त्याची घडी अजून करकरीत होती.

"हा मी वाचलेला नाही," ते म्हणाले. "मिळाला तसाच कपाटात टाकला. आपल्या घरातल्या कुणी वाचायच्या आधी त्या परक्या माणसाने वाचायचा, हे मला सहन होईना." त्यांनी कागद मित्राच्या हातात दिला. "तू वाच. मोठ्याने वाच."

मित्राने घडी उलगडली. बस खड्ड्यांतून चालली होती, अक्षरं हलत होती. पहिल्याच ओळीत नाव होतं. ते त्याने पूर्ण वाचलं, मधल्या वडिलांच्या नावासकट.

काकांनी डोळे मिटले.

"हं," ते म्हणाले. "पुढचं वाच."